पांढऱ्या लुगड्यावरची हळद

सुरुवातीलाच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. शाळेत असताना वर्गाच्या दाराला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली होती. मुलं आत जायला घाबरत होती. मी ती सोडली, लिंबाचं सरबत केलं आणि मिरच्या घरी आईला नेऊन दिल्या. त्या रात्रीच्या ठेच्यात त्याच मिरच्या होत्या आणि आम्ही सगळे ठणठणीत राहिलो. आजही माझा स्वभाव तोच आहे.

तरीही लिहितेय, कारण मला राग आलाय. मागे एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरला — 'परभणीतली झपाटलेली साडी'. पाठीमागे कुत्र्याचं रडणं, केस मोकळे सोडलेली बाई, आणि एक माणूस घोगऱ्या आवाजात सांगतोय की नाटकातल्या हिरोईनच्या अंगात विधवेचं भूत आलं... हे साफ खोटं आहे. अंगात काही आलं नव्हतं. आणि ती विधवा नव्हती. सगळा प्रकार घडला तोच मुळी ती विधवा नव्हती म्हणून!

म्हणून जसं घडलं तसं लिहिते. भर घालणार नाही.

मी मूळची झरीची. आई-बाबा दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि मी मामाकडे राहून शिकायचे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. परभणीत वस्त्रशास्त्र शिकले. कापूस, रेशीम, रंग, डाग, धुलाई... हाच माझा विषय. सध्या परभणीतच एका खासगी शिवणकाम संस्थेत शिकवते, वसमत रोडला खोली घेऊन राहते आणि सुट्टीला झरीला जाते. ज्यांनी ज्यांनी शिकवलं, वह्या दिल्या, फॉर्म भरायला मदत केली, त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. हे मी विसरत नाही.

त्या उपकारकर्त्यांत आमचे दिग्दर्शकही येतात. त्यांना मी इथे नुसतं 'सर' म्हणते. सर परभणीत हौशी नाटकं बसवतात. कॉलेजात असताना गॅदरिंगसाठी मी केलेले कपडे त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "वर्षा, तू आमच्या नाटकाची वेशभूषा कर." झरीच्या पोरीला असं विचारणारे ते पहिलेच. मी घरी फोन करून सांगितलं तेव्हा बाबांना वाटलं मला नोकरी लागली.

नाटक निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या दिवसांतलं होतं. मानवतकडचं एक खेडं, तिथली एक शेतकरीण, आणि निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेलेला तिचा नवरा. सर म्हणाले, "मला खरे कपडे पाहिजेत. सिनेमातले नकोत. शोधून आण."

मी शोधायला निघाले. शेरवानी, रूमी टोपी, पोलिसाचा पट्टा यांचे फोटो मिळतात. पण त्या काळातल्या कुणबी बाईनं रोज नेसलेलं लुगडं कुठे मिळणार? पैठणी लोक ट्रंकेत जपून ठेवतात, रोजचं लुगडं कुणी जपत नाही. ते विरतं, मग त्याची वाकळ होते. (आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात.) वाकळीत मात्र ते टिकतं! वरचा थर उन्हानं, धुण्यानं उडून जातो, पण आत दडलेल्या थरांना ऊन लागत नाही. त्यांचा मूळ रंग आतल्या आत तसाच राहतो. म्हणून मी गावोगावी जाऊन बायकांना म्हणायचे, "तुमची जुनी वाकळ थोडी उसवू का? पुन्हा शिवून देते." निम्म्या बायका हसायच्या. एकीनं विचारलं, "काय माय, आत सोनं हाय का?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग आदी मपल्या सासूची उसव. तिनंच लपवून ठेवलं असंल." (मपल्या म्हणजे माझ्या.)

असंच एका गावात — गावाचं नाव देत नाही — सोजराआजी भेटल्या. वय नव्वदीच्या आसपास, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. त्यांनी एक जडशीळ वाकळ पुढ्यात टाकली. मी एका कडेचे टाके उसवले, तर तिसऱ्या-चौथ्या थराला गर्द हिरवं, बारीक चौकडीचं सुती लुगडं. काठ तांबडा. रंग इतका ताजा की मी ओरडलेच. आणि पदराच्या कोपऱ्यावर एक मळकट पिवळा ओढ होता, म्हणजे बोटानं ओढलेला पट्टा. एका बोटाएवढा लांब, शेवटाला निमुळता होत गेलेला.

नवीन कपड्याला नेसण्याआधी हळदीचं बोट लावतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते टिकलीएवढं असतं, असं ओढलेलं नसतं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"मपल्या चुलतीचं. गयाबाईचं." आजींनी त्या ओढावर हात ठेवला. "आसंच ओढायची ती."

मग त्यांनी सांगितलं. गयाबाईचा नवरा कॅम्पात गेला तो परत आलाच नाही. मेला म्हणून निरोप नाही, जिवंत आहे म्हणून निरोप नाही. काही वर्षं गेल्यावर भावकीनं ठरवलं की आता हिनं बांगड्या फोडायच्या. सगळे अंगणात जमले. गयाबाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "ज्यानं मुडदा बगितला त्यानं मपल्या म्होरं यावं." कुणी पुढे आलं नाही. बांगड्या हातातच राहिल्या.

"पर मग बायांनी तिला हळदी-कुंकवाला बलवायचं सोडलं," आजी म्हणाल्या. "नव्या लुगड्याला सवाष्णीनं बोट लावावं लागतं ना? हिला कुणी लाविना. मग ही सोताच उंबऱ्यात बसायची, वाटीत हळद कालवायची आन् आसं लांबलचक ओढायची. मी इचारलं, काकी, एवढं लांब कामून? तर म्हणली, दुरून दिसाया पायजे समद्यास्नी."

मी आतून हलले. पण आजींचं संपलं नव्हतं.

"मेली तवा मी माहेरीच होते. सवाष्ण मेली तर हिरवं नेसवत्यात, कुंकू लावत्यात, ओटी भरत्यात. हिला पांढऱ्या फडक्यात नेली. कपाळ मोकळं. मी म्हणले, आरं कुंकू लावा की रं. मपलं कोण ऐकतंय? सारी जिंदगी हट्ट केला तिनं, आन् शेवटाला ह्यांनी बळंच रांडव केली."

मी निघताना आजींनी माझा हात धरला. "नाटकात घ्यायलीस का तिला?"

"सरांना विचारते."

"घे. पर जशी होती तशी दाव."

मी म्हटलं, "दाखवीन आजी. शब्द देते."

या सगळ्या प्रकरणात मी दिलेला शब्द एवढाच होता. तो पाळायचा होता, बस्स.

सरांना ही गोष्ट फार आवडली. नायिकेचं नावच त्यांनी गया केलं. मुडद्याचं वाक्यही घेतलं. वाकळीतला नमुना पाहून मी तसंच चौकडीचं लुगडं मिळवलं, जास्त उजळ होतं म्हणून रंगवलं, पुढे गाठ मारायची चोळी शिवून घेतली. गयाचं काम करणारी शीतलताई शाळेत शिक्षिका आहे. तिला मी नेसायला शिकवलं. आरशात बघून ती म्हणाली, "वर्षा, माझ्या चालण्यातच फरक पडला गं." त्या दिवशी आनंदाच्या भरात मी जेवायचंच विसरले.

मग सरांचे कुणी जाणकार मित्र तालीम बघायला आले आणि म्हणाले, शेवट पडतोय, क्लायमॅक्स पाहिजे. दुसऱ्या दिवशी सरांनी नवा शेवट वाचला. नवरा मेल्याचा निरोप येतो. गया पांढरं नेसून येते, दगडावर बांगड्या फोडते, तो आवाज होताच लाइट जातो, पडदा. मुडद्याचं वाक्य कापलेलं.

मी उठून उभी राहिले. "सर, असं झालेलं नाही."

"नाटक आहे वर्षा, पंचनामा नाही."

"मग तिचं नाव काढा. आणि पांढरं कशाला? आपल्याकडच्या कुणबी बायका नवरा गेल्यावर पांढरं नेसत नव्हत्या. काळपट, गडद, जे असेल ते नेसायच्या. मी इतक्या वाकळी उसवल्या, त्यात एक पांढरं लुगडं नाही."

"प्रेक्षकाला पांढरं कळतं," सर म्हणाले. "तुझ्या वाकळी त्याला कळत नाहीत." सगळे हसले. मग समजावणीच्या सुरात, "हे बघ, तू कष्टाळू आहेस. पण स्टेज वेगळं असतं. तू अजून खेड्याच्या बाहेर आलेली नाहीस."

मी बसले. उपकाराचं ओझं किती जड असतं ते अशा वेळी कळतं. नाटक सोडून द्यावं असं वाटलं, पण मी सोडलं असतं तर सरांनी दुसऱ्या कुणाकडून तरी तकतकीत पांढरी साडी आणलीच असती. आत राहून भांडू, असं ठरवलं.

पांढरं नऊवार घेऊन मी झरीला गेले. कोरं पांढरं लाइटखाली डोळ्यात घुसतं, म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवून मऊ करायचं, मग हलकी खळ द्यायची. दुपारी ते अंगणातल्या तारेवर वाळत घातलं. आई शेतात निघाली होती. जाताना तिनं विचारलं, "नवं हाय ना? हळद लावली का?"

"नाटकातल्या विधवेचं आहे आई."

"मग नगं," म्हणून ती गेली.

मी आत जाऊन भाकरी खाल्ली. बाहेर येते तो पदराच्या कोपऱ्यावर हळदीचा ओढ. लांब, शेवटाला निमुळता. एका बोटाएवढा.

मला आईचाच राग आला. ती शेतातून आल्या-आल्या मी सुरू झाले, "नको म्हणून गेलीस आणि परत येऊन लावलीस!"

आई खांद्यावरचं गवत न टाकता तशीच उभी राहिली. "रांडवेच्या लुगड्याला हळद कोण लावतंय? मला काय मपल्या कुंकवाचं भ्याव न्हाई का? येडी झालीस का वर्षे?"

आणि ते खरं होतं. आईनं ते करणंच शक्य नव्हतं. मग शेजारचं कुणी? कुंपणाला काटेरी फाटक आहे, ते उघडताना असं कुरकुरतं की गल्ली जागी होते. मी आत दाराशेजारीच जेवत होते, ऐकू आलंच असतं.

आता माझ्या विषयावर येते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. कुणीही घरी करून बघा. साबणातल्या खारानं होतो तो. मग भरपूर धुऊन उन्हात टाकलं की हळद फिकी पडत-पडत उडून जाते, कारण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. हे मी पोरींना पहिल्याच महिन्यात शिकवते. मी साबण घासला. डाग लाल झाला नाही. धुण्याचा सोडा लावला, नाही झाला. पिवळा तो पिवळाच. वास मात्र हळदीचाच. मी सुट्टीभर ते कडक उन्हात ठेवलं... कसलं फिकं पडतंय! चहाचा रंग उतरला, हळद होती तशीच.

म्हटलं, हळद नसेल, दुसरा कुठला तरी रंग असेल. (तरीही तो आला कुठून, हा प्रश्न मी बाजूला ठेवला. माणूस असंच करतो.) मी तो कोपरा कापून टाकला, पदर पुन्हा दुमडून शिवला आणि लुगडं परभणीच्या खोलीवर आणलं. लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये.

रंगीत तालमीच्या दिवशी संध्याकाळी हॉलवर सगळ्यांसमोर पेटी उघडली, घडी मोडली. पदराच्या दुसऱ्या कोपऱ्यावर तसाच ओढ.

शीतलताई म्हणाली, "अगं, हे तर तू सांगितलंस तसंच..."

सरांनी लुगडं हातात घेतलं, ओढ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "वा. असं आहे तर."

"सर, मी नाही केलं."

"तुलाच पांढरं नको होतं ना? सरळ जमलं नाही, आता भुताटकी? शिकलेली मुलगी तू! तुला हाताला धरून इथं आणलं ते यासाठी?"

"सर, पेटीला कुलूप होतं."

"किल्ली कुणाकडे होती?"

किल्ली माझ्याकडेच होती. ज्यांच्या बाह्या मी बसवल्या, ज्यांचं धोतर मी नेसवलं, त्यातला एकही जण म्हणाला नाही की वर्षा असं करणार नाही. कुणीतरी मागून पुटपुटलं, "गावाकडच्या लोकांना असले धंदे चांगले जमतात." हे वाक्य आजही आठवलं की माझ्या कानशिलातून जाळ निघतो. भुताला मानत नाही म्हणून गावात शिव्या खाल्लेली मुलगी मी! आणि इथे, शिकलेल्या लोकांत, मी भुताटकी करणारी ठरले.

"प्रयोगाला साडी मी स्वतः आणीन," सर म्हणाले. "तू हात लावायचा नाहीस."

नाट्यस्पर्धेतला आमचा प्रयोग शेजारच्या जिल्ह्याच्या गावी होता. मी गेले. बाकीचे कपडे कोण सांभाळणार होतं? शिवाय आजींना दिलेला शब्द मोडताना तो माझ्यासमोर मोडावा, असं वाटत होतं. पळून जायचं नव्हतं.

शेवटच्या प्रवेशाआधी मेकअप रूममध्ये सरांनी पिशवीतून पाकीट काढलं. नवं कोरं, दुकानातलं, पारदर्शक प्लास्टिक, तोंड चिकटवलेलं. त्यांनी ते मुद्दाम वर धरून मला दाखवलं. "बघून घे. सील आहे." मी भिंतीला टेकून उभी होते, हात मागे बांधून. मुद्दामच बांधले होते.

सरांनीच पाकीट फाडलं. सरांनीच घडी मोडली. पदर मोकळा झाला.

ओढ होता. कोपऱ्यावर, लांब, निमुळता.

शीतलताईनं बोट लावलं. मग बोट डोळ्यांसमोर धरलं. ते पिवळं झालं होतं. "सर," ती म्हणाली, "हे ओलंय."

प्लास्टिक आतून स्वच्छ होतं. घडीच्या बाकीच्या थरांना कुठे डाग नव्हता. ओली हळद अशी घडीत राहिली तर वरच्या-खालच्या थराला ठसा उमटतोच. इथे नव्हता. हे मी पाहिलं, आणि सरांनीही पाहिलं. त्यांचा चेहरा मी पाहिला.

आणि ते काय म्हणाले माहीत आहे? "पदर आत खोच. दिसणार नाही."

भीती नाही, आश्चर्य नाही, 'वर्षा, माझं चुकलं' नाही. पदर आत खोच! गयाबाईच्या भावकीतल्या माणसांनी हेच केलं असणार. जे दिसतंय ते आत खोचायचं आणि पुढे न्यायचं.

मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. "तिला कुंकवाशिवाय नेली होती सर! तुम्ही दुसऱ्यांदा नेताय!"

"बाहेर हो," सर म्हणाले.

मी विंगेत जाऊन उभी राहिले.

शीतलताई स्टेजवर आली. पांढरं नेसलेली. पदर आत खोचलेला नव्हता. डोक्यावरून घेऊन तिनं तो पुढे सोडला होता आणि कोपरा मुठीत असा धरला होता की ओढ थेट समोर दिसत होता. दगडापाशी बसली. दोन्ही हात वर केले. समोरच्या विंगेतून सर दात-ओठ खात खुणावत होते, फोड, फोड. तिनं हात सावकाश खाली आणून मांडीवर ठेवले. आणि कापलेलं वाक्य बोलली.

"ज्यानं मुडदा बगितला त्यानं मपल्या म्होरं यावं."

पुढे काहीच झालं नाही. बांगड्यांचा आवाज झाला की लाइट घालवायचा, असं लाइटवाल्याला सांगितलेलं होतं. आवाज झालाच नाही. तो थांबला. लाइट तिच्यावर तसाच राहिला. ती बसून राहिली, आणि त्या सगळ्या पांढऱ्यात तो पिवळा ओढ शेवटच्या रांगेपर्यंत दिसत होता. शेवटी कुणीतरी पडदा ओढला.

नंतर मी तिला विचारलं, ताई, तुला काही झालं होतं का? तिनं पिना काढता-काढता माझ्याकडे पाहिलं. "काही झालं-बिलं नव्हतं गं. राग आला होता." व्हिडिओवाल्यांनी हे ऐकावं. राग आला होता. बाईला राग येतो तेव्हा तुम्हाला अंगात आल्यासारखं का वाटतं?

नाटकाला काहीही मिळालं नाही. सरांनी ग्रुपवर लिहिलं की वेशभूषाकाराच्या अंधश्रद्धेमुळे प्रयोगाचं नुकसान झालं. दुकानदाराला मी आधीच गाठलं असणार, अशीही एक गोष्ट त्यांनी पसरवली. कोणत्या दुकानात जाणार हे सरांनी स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. मग मी कुणाला गाठलं? हे मी विचारलं तर मला ग्रुपमधून काढलं. त्यांनी मला पहिलं काम दिलं याबद्दल मी आजही ऋणी आहे, हे मी इथे लिहितेय आणि मनापासून लिहितेय. पण त्यांनी माझ्या शब्दावर थुंकून वर मलाच खोटं ठरवलं, हेही तितक्याच मनापासून लिहितेय.

सरांनी आणलेलं लुगडं प्रयोगानंतर कपड्यांबरोबर माझ्याकडेच राहिलं होतं. ते आणि माझं, अशी दोन्ही पांढरी लुगडी घेऊन मी मानवतला एसटीनं गेले आणि तिथून सोजराआजींकडे. आजी दारात बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. वाटलं, घाबरतील, नाहीतर हात जोडतील. त्यांनी लुगडं डोळ्यांजवळ नेलं, तो ओढ अंगठ्यानं चाचपला.

"आजी, मी तिला पांढरं नेसवलं. मला अडवता आलं नाही."

"आगं, पांढरं काय आन् काळं काय," आजी म्हणाल्या. "हळद लागली का सवाष्णीचं झालं."

मला तोपर्यंत वाटत होतं की गयाबाई पांढरं नको म्हणतेय, आमचं नाटक मोडतेय. आजींचं तसं नव्हतं. त्यांच्या मते तिनं काहीच मोडलं नाही. जे पांढरं तिच्या अंगावर घालायला आणलं, ते तिनं आपल्या हातानं नेसण्याजोगं करून घेतलं. जिवंतपणी करायची तसंच.

"ह्याची वाकळ करू का?" मी विचारलं.

"कर की. पर हळद आत घालू नगंस. वरून घे. दिसाया पायजे."

ती वाकळ मी शिवली. आजींकडेच आहे. दुसऱ्या लुगड्याचा पदर मात्र मी माझ्याकडे ठेवला, कारण मी शिकलेली आहे आणि माझं मन ऐकत नाही. बाजारात मिळतो तो प्रत्येक साबण लावून झाला. सोडा झाला, चुना झाला. संस्थेच्या गच्चीवर परभणीच्या उन्हाळ्याचं ऊन त्याला दाखवून झालं. कॉलेजातल्या माझ्या जुन्या बाईंना दाखवलं. त्यांनी वास घेतला, म्हणाल्या हळदच आहे. मग त्यांनी स्वतः साबण लावला, पिवळा राहिलेला डाग पाहिला आणि पदर घडी करून मला परत दिला.

माझ्याकडे याचं उत्तर नाही. कुलूप, पाकीट, ओली हळद, कशाचंच नाही. मी आजही भूत मानत नाही, आणि कुणी गयाबाईला भूत म्हटलं तर मी भांडेन. इथे कुणी रसायनशास्त्र शिकलेलं असेल तर जरूर सांगा, मी प्रत्येक प्रयोग करून बघायला तयार आहे. फक्त हळद मी लावली असं म्हणू नका.

आज सकाळी पुन्हा साबण लावला. डाग अजून लाल झालेला नाही.